खिडकीच्या उजेडात कामिनी वहिनी

२ एप्रिल, सावदा

पोचले एकदाची! धुळ्याहून जळगाव, जळगावहून भुसावळ, भुसावळहून सावदा. तीन एसट्या, आणि तिन्हींत खिडकी मिळाली, म्हणजे वर्ष चांगलं जाणार. भुसावळ सुटलं की दोन्ही बाजूंना केळीच केळी. रस्त्यावर ऊन इतकं पांढरं की डोळे मिटतात आणि बागेत आत बघावं तर हिरवा अंधार. मोबाइलवर फोटो काढून बघितला. बाग आली तर आभाळ गायब, आभाळ आलं तर बाग काळी. हेच शिकायला आलेय.

स्टुडिओ बसस्टँडपासून जवळच. खाली दुकान, वर योगराज भाऊंचं घर, त्याच्यावर गच्चीत एक खोली, ती माझी. कूलर आहे, पाणी आपलं आपण भरायचं. योगराज भाऊंनी माझं एम.ए. ऐकलं आणि लगेच मला ‘मॅडम’ करून टाकलं. म्हणाले, आता आमच्या पासपोर्ट फोटोत पण साहित्य उतरणार. त्यांची बायको, कामिनी वहिनी, जिन्यातूनच ओरडल्या की आधी तिला पाणी द्या, मग टोमणे मारा. रात्रीच्या जेवणाला शेवभाजी होती. माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. वहिनी हसून हसून आडव्या झाल्या. धुळ्याची पोरगी आणि तुले तिखट लागतं? जिल्ह्याची लाज काढली वं तू!

पप्पांचा फोन आला. त्यांचं नेहमीचं एकच, बठ्ठं बरं शे ना? म्हटलं, हो, सगळं बरं शे.

५ एप्रिल

सकाळी पासपोर्ट फोटो, दुपारी लग्नाच्या अल्बमची जुळवाजुळव. भाऊंनी त्यांचा जुना कॅमेरा मला वापरायला दिला आणि मी ऑटो बंद करून टाकलं. एक्सपोजर म्हणजे कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा ते ठरवणं. हातात तीनच गोष्टी असतात. भिंगाचं भोक केवढं उघडायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती हळवा ठेवायचा. कमी उजेड घेतला तर फोटो काळा. जास्त घेतला तर पांढराफटक.

भाऊंचा एक नियम आहे. समोर माणूस असेल तर फ्लॅश मारायचाच, भर दुपारच्या उन्हात पण. मी म्हटलं, चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा येतो हो. ते म्हणाले, मॅडम, आमच्या आबांपासून हेच चालू आहे, आपला उजेड टाकायचा आणि आपलाच उजेड उचलायचा. का, ते त्यांनाही माहीत नाही. आबांनी सांगितलं, विषय संपला.

मी मनात म्हटलं, ही लग्नाच्या फोटोवाल्यांची जुनी सवय. मला खिडकीचा उजेड आवडतो. कोणावर काही न टाकता, जसं आहे तसं घ्यायचं.

८ एप्रिल

वहिनींना एक्सपोजर समजावून सांगितलं. त्या कणीक मळत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे दूध तापवण्यासारखंच झालं की. ज्योत केवढी, किती वेळ, आणि पातेलं जाड का पातळ. मी अर्धा तास बडबडले होते, त्यांनी एका दमात संपवलं. मग म्हणाल्या, दूध उतू गेलं तर? म्हटलं, फोटोत त्याला हायलाइट जळणं म्हणतात, तिथं नुसता पांढरा डाग उरतो, परत काही येत नाही.

या बाईचा घरात एकही फोटो नाही. लग्नाचा अल्बम आहे तेवढाच. अर्ध्या तालुक्याचे फोटो भाऊंनी काढले, पण बायकोचा फक्त आधार कार्डापुरता, तोही फ्लॅश मारून. आणि वहिनींना आता फोटो लागणार आहे. बिबड्यांचा धंदा सुरू करतायत. ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे उन्हात वाळवलेले पापड, पाकीट बंद, वर लेबल, लेबलावर गोलात त्यांचा स्वतःचा चेहरा. ‘कामिनीताईंच्या बिबड्या’. पाकिटावर हिरोइनचा फोटो टाका, असं भाऊ चिडवत होते. वहिनी म्हणाल्या, माल माझा, थोबाड पण माझंच. लग्नाला बारा वर्षं झाली, गावात मला अजून फोटोवाल्याची बायको म्हणतात. एकदा तरी माझं नाव, माझं तोंड, दुकानात टांगलेलं दिसू दे.

मी म्हटलं, काढते. असा काढते की बघत राहाल.

ओट्याजवळच्या स्टुलावर बसवलं. डाव्या हाताला खिडकी. दगडासारख्या बसतात! पापणी पण हलत नाही. फ्लॅश नाही. शटर १/१२५, म्हणजे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. एक नंबर आला. नाकाच्या एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला सावली. वहिनींनी कॅमेरा डोळ्यांजवळ ओढला. मग म्हणाल्या, मी अशी दिसते?

पण लेबलासाठी अजून चांगला काढू, म्हटलं, हा पुसून टाकते. रोज थोडा सराव करू.

१४ एप्रिल

आज भीमजयंती. धुळ्याला नाही गेले, पप्पांना फोनवरच जय भीम केला. संध्याकाळी दुकानासमोरून मिरवणूक निघाली. मी ट्रायपॉड लावून शटर पंधरा सेकंद उघडं ठेवलं. गंमत अशी होते की हलणारं माणूस फोटोत उरतच नाही. ढोल, झेंडे, नाचणारी पोरं, सगळ्यांचा निळा धूर झाला. समोरच्या ओट्यावर वहिनी उभ्या होत्या. मी आधीच ओरडून सांगितलं होतं, वहिनी, हलू नका. नाही हलल्या. अख्ख्या रस्त्यावर त्या एकट्या आल्या, ठळक.

१९ एप्रिल

काहीतरी बिघडलंय. तीच खिडकी, तेच स्टूल, सकाळची तीच वेळ. १/१२५ ला वहिनी काळ्या आल्या. १/६० केलं. तरी काळ्या. १/३० ला कुठं नीट आल्या.

आधी वाटलं भिंगावर धूळ असेल. पुसलं. मग वाटलं कॅमेरा म्हातारा झाला. पण त्यांच्या बाजूला ओट्यावर स्टीलची बरणी होती, वांगी होती. बरणी १/१२५ लाच नीट येतेय. वांगी पण. फक्त वहिनींना जास्त उजेड लागतोय.

भाऊंना विचारलं. ते म्हणाले, उन्हात बिबड्या घालून काळी पडली असेल, फ्लॅश मारा मॅडम. वहिनी आतून म्हणाल्या, तुमचं तोंड कुठं लागून गेलंय पांढरं?

हसलो तिघंही. शटर अजून सावकाश करायचं, दुसरं काय. काळं आलं तर उजेड वाढवायचा, पहिला धडाच तो आहे.

२३ एप्रिल

गच्चीत बिबड्या. खाटांवर पांढरे कपडे, त्यावर पांढऱ्या बिबड्या, वरून पंचेचाळीसचं ऊन. मी डोळे किलकिले करून बघत होते आणि वहिनी मधोमध बसलेल्या. एवढ्या उजेडात काळं कोण येईल? आल्या. अर्धा सेकंद उघडं ठेवलं तेव्हा कुठं नाक-डोळे दिसले, पण तोवर खाट जळाली, बिबड्या जळाल्या, आभाळ जळालं. पांढऱ्या कागदावर एकटा चेहरा, तोही पुसट.

वहिनी म्हणाल्या, अजून एक काढ.

काढला.

खाली उतरताना त्या पुढं होत्या आणि मी मागं. जिन्यात ऊन येतं. माझी सावली भिंतीवर पडली. त्यांची बघायला मी मान वळवली आणि मग म्हटलं, जाऊ दे.

२६ एप्रिल

रसवंतीवर तिघं गेलो. रसवाल्याने दोन ग्लास दिले. भाऊंनी एक उचलला, मी एक. वहिनी हात पुढं करून उभ्या होत्या. मी म्हटलं, अजून एक. रसवाला म्हणाला, पाहुणे यायचेत का? मी माझा ग्लास वहिनींना दिला.

दुपारी एका लग्नात बायका ओळीने हळदीकुंकू लावत आल्या. वहिनींच्या आधीच्या बाईला लावलं, मग वहिनींना सोडून थेट मला लावलं. मला तर दोनदा. एक म्हातारी माझी हनुवटी धरून म्हणाली, काय तेज आहे वं तुह्या तोंडावर, कोणाची तू?

मला राग यायला हवा होता. आला नाही. बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

पप्पांचा व्हिडिओ कॉल. म्हणे, काय लावस तू तोंडले? नुसतं चमकी राह्यनं, डोया बी दिखतस नही. म्हटलं, चमकतंय, डोळे दिसत नाहीत, ते नेटवर्कमुळे.

वहिनी: ४ सेकंद.

२९ एप्रिल

जळगावच्या प्रेसमधून लेबलं आली. मीच फाइल पाठवली होती, २३ तारखेच्या फोटोतला चेहरा कापून, जमेल तेवढा उजळ करून. माझ्या लॅपटॉपवर दिसत होता.

पिवळं लेबल. ‘कामिनीताईंच्या बिबड्या’. खाली गोल. गोलात करडा रंग.

प्रेसवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ताई, फाइलीत जे होतं ते छापलं, आम्ही मनानं कोणाचं तोंड टाकू का? भाऊंनी लेबल हातात घेतलं आणि म्हणाले, झकास, किमतीचं स्टिकर लावायला बरोबर जागा सोडली.

वहिनी एक लेबल घेऊन गोलावर बोट फिरवत राहिल्या. मग गठ्ठा कपाटात ठेवला. म्हणाल्या, उद्या परत बसू या का खिडकीत? चांगला येईपर्यंत काढ ना वं.

मला नाही म्हणायचं होतं. मी म्हटलं, बसू.

१५ सेकंद. पुसट.

२ मे

भाऊंनी जेवायला दोन ताटं घेतली. मी विचारलं, वहिनी? ते कूलरच्या आवाजात ऐकू न आल्यासारखे थांबले. मग म्हणाले, हां, ती. असेल आत. आणि भाजी वाढून घेतली.

वहिनी आतच होत्या. ओट्याला टेकून. म्हणाल्या, बरं आहे गं, कोणी काम सांगत नाही. नणदेच्या सासूचं श्राद्ध होतं, तिनं मला बोलावलंच नाही, आधी किती वाईट वाटलं असतं. आता काहीच वाटत नाही. तुले वाटतं का काही?

मी विचार करून सांगितलं, नाही.

खरंच नाही. हातावर झोपल्यावर हात बधिर होतो तसं सगळं आहे. आपलाच असतो, पण दुसऱ्याचा वाटतो.

४ मे

समजलं. बरेच दिवस समजत होतं, आज खिडकीत स्वतःचा फोटो काढला. १/१२५. वहिनींचं पहिल्या दिवशीचं शटर. मी आलेच नाही. चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग, जळालेला. १/८००० ला, भोक सगळ्यात लहान करून, तेव्हा कुठं माझे डोळे दिसले.

उजेड खिडकीचा नव्हता. वहिनींचा होता. मी घेत गेले. त्या अंधुक झाल्या म्हणून अजून घेतला. अजून अंधुक झाल्या. अजून घेतला. पहिल्या धड्याप्रमाणे. आबांचा फ्लॅश यासाठीच असणार, आपला उजेड टाकायचा आणि आपलाच उचलायचा.

मिरवणुकीतल्या कोणाचं काही गेलं नाही, ते चालत होते. वहिनी थांबल्या होत्या. मी सांगितलं म्हणून.

भाऊंना सांगितलं. सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, कोण वहिनी?

५ मे

कॅमेरा कपाटात ठेवला. काढायचं बंद. पण त्याने गेलेलं परत येत नाही. सकाळी चहा आयता मिळाला. करणारी दिसली नाही. बांगड्या वाजल्या.

भाऊ गिऱ्हाइकाला सांगत होते, घरात बाई नाही, डबा लावावा म्हणतो.

६ मे

बॅग भरली. एसटीत बसले पण. कंडक्टर माझ्याकडे बघून हसला, शेजारच्या बाईने न विचारता जागा केली, तिचं पोरगं माझ्या मांडीवर येऊन बसलं. आयुष्यात कोणी कधी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. कॉलेजात तीन वर्षं शिकवलेल्या सरांना माझं नाव आठवायचं नाही. आता सगळ्यांना मी हवी होते. हे सगळं घेऊन धुळ्याला जाता आलं असतं. पप्पा खूश झाले असते.

फैजपूरला उतरले.

का, ते माहीत नाही. दया आली असं लिहिणार होते. खोटं आहे. स्टँडवरच्या दुकानात पिवळं पाकीट टांगलेलं दिसलं. दुसऱ्याच कोणाचे पापड होते. गोलात एक बाई हसत होती.

परतीच्या गाडीत बसले.

८ मे

वहिनींना सांगितलं. रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून सांगितलं. मी घेतलं, मी. फोटो काढणाऱ्याकडे जातं ते.

मग खिडकीकडून आवाज आला, अगदी साधा, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा. म्हणाल्या, मग मी काढते तुझा.

मी पण तेच म्हणणार होते. का त्यांनी म्हटल्यावर मला असं वाटतंय —

हो म्हटलं.

९ मे

शिकवलं. भोक, शटर, आयएसओ. त्यांना सगळं आठवत होतं. दूध, ज्योत. तीस सेकंदांच्या पुढं कॅमेरा स्वतः मोजत नाही. त्याला बल्ब म्हणतात, वायरचं बटण दाबून धरायचं, बोट काढेपर्यंत शटर उघडं राहतं. त्यांनी विचारलं, आणि बोट काढलंच नाही तर?

म्हटलं, फोटो जळेल.

त्या म्हणाल्या, फोटो कोणाला पाहिजे.

हसल्या बहुतेक. दिसलं नाही.

१० मे

दुपार. खिडकी उघडी. मी त्यांच्या स्टुलावर. कॅमेरा ट्रायपॉडवर, वायर हवेत वाकलेली, कोणीतरी धरल्यासारखी. वहिनी म्हणाल्या, नुसतं बसून तुला करमायचं नाही, लिहीत बस. हात फोटोत येणार नाही, बाकीची येशील.

खट्. उघडलं.

दुखत नाही. काहीच होत नाही. खिडकीतून एसटीचा हॉर्न.

वायरीजवळ बोट दिसलं. आधी नख. मग बांगड्या. हिरव्या.

कोपर. पातळाचा काठ. वहिनी येतायत. खरंच येतायत, बरं झालं, मला बरं वाटतंय, का वाटायला हवंय —

चेहरा आला. पहिल्या दिवसासारखा. नाकाच्या एका बाजूला ऊब. म्हटलं, वहिनी, पुरे. बोट काढा.

परत म्हटलं. मोठ्याने.

बोटावर नख पांढरं पडलंय, इतकं दाबून धरलंय. त्या माझ्याकडे बघत नाहीत, स्टुलाकडे बघतायत. उठावं तर गुडघे कुठं आहेत ते —

पेन दिसतंय. हात नाही दिसत. अक्षर येतंय अजून, फिकट

जिन्यात पावलं. भाऊ. आत आले. कामिनी, म्हणाले. नावाने. मग, रिकाम्या स्टुलाचा फोटो काय काढतेस?

रिकामं नाही, भाऊ, मी आहे, माझं नाव समी —

वहिनींनी बोट तसंच ठेवून सांगितलं, शिकतेय.

भाऊ हसले. कोण शिकवतंय, विचारलं. वहिनी आठवायला थांबल्या. माझ्या जागेकडे बघत, कपाळाला आठ्या घालून, खरोखर आठवत, आणि मग म्हणाल्या, कोणी ना